संकेत, गोंगाट आणि सहनिर्देशक : भ्रमणध्वनीतील अभिज्ञातकाच्या पूर्वेतिहासाचे काही टप्पे

नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीपासून जवळच भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे १९०७ सालचे एक चिन्ह आहे. लोकव्यवहारात ते ‘झीरो माइल’ या नावाने ओळखले जाते आणि भारताचा मध्यबिंदू म्हणून पाहुण्यांना दाखविले जाते. वस्तुतः ते समुद्रसपाटीपासूनची उंची ठरविण्याकरिता बसविलेले प्रमाणचिन्ह आहे; देशाच्या मध्याचा निर्णय करण्याचा त्याचा हेतू नव्हता. तथापि हे शहर देशाच्या मध्यभागी आहे ही समजूत निराधार नाही, आणि तिचा आकाशवाणीने पुढे फार मोठ्या प्रमाणावर उपयोग करून घेतला. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची ‘राष्ट्रीय वाहिनी’ सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी एक हजार किलोवॉट शक्तीचा मध्यमलहरी प्रेषक नागपूरजवळच उभारण्यात आला. १५६६ किलोहर्ट्झ कंप्रतेवर रात्री निघालेल्या त्याच्या लहरी आयनांबराकडून परावर्तित होऊन देशाच्या बहुतेक भागांत पोहोचत. २०१९ च्या आरंभी ती वाहिनी बंद करण्यात आली.

या प्रेषकाचा उल्लेख प्रस्तुत विषयाच्या प्रारंभी करण्याचे कारण असे की, बिनतारी संदेशवहनाच्या दोन परस्परविरोधी व्यवस्थांपैकी एकीचे ते टोकाचे उदाहरण होय. ध्वनिक्षेपणात सर्व भार प्रेषक वाहतो. एका ठिकाणी प्रचंड शक्ती खर्च होते, म्हणूनच लक्षावधी श्रोत्यांच्या घरचे ग्राही स्वस्त व साधे राहू शकतात. त्यांतील अभिज्ञातक, म्हणजे आलेल्या लहरीतून संदेश वेगळा काढणारा भाग, जर्मेनियमच्या एका द्विप्रस्थाने भागतो. भ्रमणध्वनीची व्यवस्था नेमकी उलट आहे. तेथे प्रेषकाची शक्ती मर्यादित असते, शेजारच्या क्षेत्रातील प्रेषक तीच कंप्रता पुन्हा वापरीत असतो, आणि हातातील संच लहानशा विद्युत् घटावर दिवसभर चालावयाचा असतो. जीएसएम पद्धतीच्या मानकाने हातसंचाकडून अशी अपेक्षा केली की, आकाशकावर येणारी शक्ती एका वॉटच्या दहा लक्ष कोटीव्या भागाहून कमी असली तरी त्याने संदेश ओळखावा. भार प्रेषकाकडून ग्राहीकडे सरकला. आणि ग्राहीमध्ये तो अखेरीस पदार्थाकडून गणिताकडे सरकला. हे स्थित्यंतर कसे घडले आणि पुण्याशी ज्यांचा संबंध आला अशा काही व्यक्तींचे त्यात कोणते स्थान आहे, याचा येथे विचार कर्तव्य आहे.

आरंभीचा इतिहास सुपरिचित असल्यामुळे तो थोडक्यात सांगणे पुरे. फ्रान्समध्ये ब्रान्ली याने १८९० मध्ये असे दाखविले की, काचेच्या नळीतील धातूच्या किसाचा विद्युत्-रोध दूरवरच्या ठिणगीमुळे एकदम कमी होतो. लॉज याने १८९४ मध्ये या नळीचा अभिज्ञातक म्हणून उपयोग केला. कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ पासून काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले व गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्पर्शबिंदूचा अभिज्ञातक सिद्ध केला. त्यांचे अमेरिकन एकस्व १९०४ मध्ये मंजूर झाले. अर्धसंवाहक अभिज्ञातकाच्या इतिहासाचा आरंभ येथूनच धरावा लागतो. त्याच सुमारास फ्लेमिंगची व त्यामागोमाग डी फॉरेस्टची निर्वात नळी आली. या साऱ्या प्रयत्नांमागील प्रश्न एकच होता : अधिकाधिक क्षीण लहरीला प्रतिसाद देणारा पदार्थ कोणता?

महाराष्ट्रात हा प्रश्न व्यावसायिक प्रमाणावर उपस्थित झाला तो १९२७ मध्ये. त्या वर्षी इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू करताना प्रेषण पुण्याजवळ खडकी येथे व ग्रहण दौंड येथे, अशी दोन निरनिराळी केंद्रे योजण्यात आली. स्वतःच्या प्रेषकाच्या सान्निध्यात दूरदेशीचा क्षीण संकेत ओळखणे कठीण, म्हणून ही विभागणी. आजच्या हातसंचात प्रेषक व ग्राही यांच्यामध्ये बोटभराचेही अंतर नसते, हे लक्षात घेतले म्हणजे मधल्या काळात केवढी मजल मारली गेली याची कल्पना येते. त्याच वर्षी मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र त्यानंतर एकवीस वर्षांनी, जुलै १९४८ मध्ये, स्थापन झाले.

निर्वात नळीच्या विवर्धकाने क्षीणतेचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. संकेत लहान असेल तर तो हवा तितका मोठा करता येऊ लागला. परंतु संकेताबरोबर गोंगाटही मोठा होतो. संवाहकातील उष्णताजन्य हालचालीमुळे उत्पन्न होणाऱ्या गोंगाटाचे मापन जॉन्सन याने व त्याची उपपत्ती नायक्विस्ट याने १९२८ मध्ये दिली, तेव्हाच हे स्पष्ट झाले होते की, एका मर्यादेपलीकडे पदार्थाची संवेदनक्षमता वाढवून काहीही साधत नाही. उष्ण कटिबंधात आणखी एक शत्रू होता, तो म्हणजे गडगडाटी वादळांचा. पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये प्रा. एस. व्ही. चंद्रशेखर अय्या यांनी १९५० च्या दशकात वातावरणीय विद्युत्पातांमुळे ध्वनिक्षेपणात येणाऱ्या व्यत्ययाचे पद्धतशीर मापन केले. पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत रेडिओ ऐकणाऱ्या प्रत्येकास जो खरखराट केवळ त्रासदायक वाटे, तो येथे मोजमापाचा व संभाव्यतेचा विषय झाला.

येथे प्रश्नाचे स्वरूपच बदलते. ‘लहर आली की नाही’ हा प्रश्न भौतिकीचा. ‘जे आले आहे त्यावरून काय पाठविले गेले असावे’ हा प्रश्न संख्याशास्त्राचा. ग्राहीने आता निर्णय करावयाचा असतो, आणि प्रत्येक निर्णयात चुकीची काही शक्यता गृहीत असते. ही दृष्टी दुसऱ्या महायुद्धातील रडारच्या गरजांतून परिपक्व झाली. अमेरिकेत डी. ओ. नॉर्थ याने जून १९४३ मध्ये एक अहवाल लिहिला. ज्ञात आकाराचा संकेत गोंगाटात लपला असता त्याच आकाराशी जुळविलेली गाळणी वापरणे सर्वोत्तम, असा सिद्धांत त्यात होता. अहवाल गुप्त होता व तो खुल्या नियतकालिकात छापला गेला १९६३ मध्ये. परंतु युद्धकार्यात गुंतलेल्या मंडळींच्या तो हाती होता.

त्याच १९४३ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या सातव्या खंडात तेरा पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक ‘फलन-अवकाशातील संख्याशास्त्र’ अशा अर्थाचे होते, आणि लेखक होते फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी. पहिला निबंध गुप्त असूनही उपयोगात आला. दुसरा उघड असूनही फारसा वाचला गेला नाही.

कोसंबींची ओळख मराठी वाचकांस भारतीय इतिहासाचे भाष्यकार म्हणून आहे. १९५६ च्या त्यांच्या ग्रंथाने प्राचीन इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलली, हे सर्वमान्य आहे. गोव्यातील कोसबें या गावी ३१ जुलै १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. बौद्ध धर्माचे अभ्यासक असलेल्या पित्याबरोबर ते बालवयात अमेरिकेस गेले, १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले, आणि बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यानंतर पुण्यास स्थिरावले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन पारितोषिक मिळाले होते. १९४३ च्या निबंधाकडे त्यांना नेणारी वाट नेमकी कोणती, हे ठरविताना त्यांच्या नाणकशास्त्रीय लेखनाकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. तक्षशिला येथे सापडलेल्या निधींतील आहत नाण्यांची वजने त्यांनी एकेक करून घेतली होती. नाणे व्यवहारात फिरते तेव्हा झिजते. जितका काळ ते फिरले तितकी सरासरी घट अधिक आणि वजनांतील विखुरणही अधिक. टांकसाळीतून निघालेल्या नाण्यांच्या वजनांत मुळातच जो फरक असे त्यापासून ही झीज वेगळी काढली, तर नाण्यांचा कालक्रम लावता येतो. संदेशवहनाच्या भाषेत बोलावयाचे तर टांकसाळीचा ढिलेपणा हा गोंगाट आणि झीज हा संकेत. इतर अभ्यासकांनी जी घट मोजमापातील अडचण मानून बाजूस सारली असती, तिलाच त्यांनी पुरावा केले.

निबंधाचा गणिती आशय साध्या शब्दांत असा मांडता येईल. एखादी राशी काळाबरोबर अनियमितपणे बदलते : हवेचे तापमान, मनुष्याचा आवाज, अथवा आकाशकावरील विद्युत्-दाब. अशा प्रत्येक आलेखाकडे अनंत मितींच्या अवकाशातील एक बिंदू म्हणून पाहावे. बिंदूचे स्थान सांगण्यास सहनिर्देशक लागतात, आणि ते कोणत्या अक्षांवर मोजावयाचे याचे स्वातंत्र्य आपणांस असते. निरनिराळ्या क्षणी घेतलेली मूल्ये हे सर्वात सरळ सहनिर्देशक. परंतु आत्ताचे मूल्य आणि पुढच्या क्षणीचे मूल्य ही एकमेकांशी निगडित असल्यामुळे एकाच माहितीची पुनरुक्ती होते व कोणताही हिशेब गुंतागुंतीचा होतो. कोसंबींनी दाखविले की, त्या राशीच्या सहविचरणातूनच काही विशिष्ट लंबरूप फलने निष्पन्न होतात; त्यांना अक्ष मानले तर मिळणाऱ्या सहनिर्देशकांत परस्परांशी सहसंबंध उरत नाही. शिवाय प्रत्येक अक्षावर किती विचरण आहे हेही त्याबरोबरच कळते, त्यामुळे महत्त्वाचे थोडे अक्ष ठेवून बाकीचे सोडून देता येतात.

हाच विस्तार फिनलंडमध्ये कारी कारहुनेन याने १९४६-४७ मध्ये व मिशेल लोएव्ह याने १९४५ ते १९४८ या काळात स्वतंत्रपणे दिला, आणि अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत तो या दोघांच्याच नावाने रूढ झाला. पुण्याचा निबंध त्यांच्याआधीचा आहे, याबद्दल तारखाच बोलतात. द्रवगतिकीचे अभ्यासक रोद्दम नरसिंह यांनी २०११ मध्ये या अग्रक्रमाकडे पुन्हा लक्ष वेधले, आणि कोसंबींचे नाव त्या दोघांच्या आधी जोडण्याचा प्रघात काही लेखकांत पडू लागला. तो न्याय्यच आहे. परंतु नामकरणाच्या वादात एक गोष्ट झाकली जाऊ नये. अग्रक्रम सिद्ध होणे निराळे आणि प्रभाव सिद्ध होणे निराळे. अभिज्ञानाच्या उपपत्तीत हा विस्तार आला तो स्वीडनमधील ग्रेनांडर याच्या १९५० च्या प्रबंधातून, आणि अभियंत्यांच्या हाती पडला तो डेव्हनपोर्ट व रूट यांच्या १९५८ च्या व व्हॅन ट्रीस याच्या १९६८ च्या ग्रंथांतून. ही परंपरा हेलसिंकी, पॅरिस आणि स्टॉकहोम यांच्याकडून बॉस्टनकडे जाते. पुण्यावरून जात नाही. युद्धकाळात नियतकालिकांची देवघेव खुंटली होती हे एक कारण खरे. पण तेवढेच कारण पुरेसे नाही. कारहुनेन व लोएव्ह यांच्याभोवती त्या विषयात काम करणारे शिष्य व सहकारी होते. फर्ग्युसन महाविद्यालयात पदवीचे वर्ग शिकविणाऱ्या प्राध्यापकापाशी असा परिवार नव्हता, आणि ज्यांना या अक्षांची तातडीने गरज होती असे रडारचे अभियंतेही आसपास नव्हते.

होमी भाभांच्या निमंत्रणावरून कोसंबी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची अधिछात्रवृत्ती घेऊन त्यांनी इंग्लंड व अमेरिकेत गणकयंत्रांचा अभ्यास केला. म्हणजे ज्या यंत्रावर त्यांचे सहनिर्देशक प्रत्यक्ष काढता आले असते, त्याच्या संभाव्यतेकडे त्यांचे लक्ष होते. त्याच संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने प्रायोगिक गणकयंत्र १९५६ मध्ये चालू केले व पूर्ण यंत्र १९६० मध्ये सिद्ध केले; १९६२ मध्ये त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. कोसंबींचा संस्थेशी असलेला संबंध त्याच वर्षी संपला. उपपत्ती आणि यंत्र ही दोन्ही एका छताखाली आली होती. त्यांना एकत्र आणणारा संदेशवहनाचा प्रश्न मात्र त्या छताखाली नव्हता.

तो प्रश्न जेथे होता तेथे पुण्याचाच एक विद्यार्थी पोहोचला. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यातील एका मल्याळी कुटुंबात झाला. १९५६ मध्ये त्यांनी कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून दूरसंदेशवहनाची पदवी घेतली, आणि पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळविली. कोसंबी आणि कैलाथ यांच्यात गुरुशिष्य-परंपरेसारखा धागा जोडण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. दोघांमध्ये समान असलेली गोष्ट म्हणजे शहर आणि प्रश्नाकडे पाहण्याची रीत. कैलाथ यांचे १९६० मधील संशोधन ज्या अडचणीविषयी होते, ती समजून घेण्यास सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर उभे राहणे पुरे.

तेथे उभ्या असलेल्या मनुष्याच्या संचाकडे लहर एकाच वाटेने येत नाही. एक थेट येते, एक टेकडीच्या उतारावरून, दुसरी दुकानांच्या भिंतींवरून, तिसरी २०१९ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पुलावरून. या साऱ्या प्रती निरनिराळ्या वेळी व निरनिराळ्या प्रबलतेने पोहोचतात, कधी एकमेकींना पूरक ठरतात तर कधी मारक, आणि मनुष्य चार पावले चालला की सगळा हिशेब बदलतो. जुन्या दृष्टीने हे प्रतिध्वनी म्हणजे निव्वळ उपद्रव. प्राइस व ग्रीन यांनी १९५८ मध्ये उलट विचार केला : प्रत्येक प्रत वेगळी पकडावी, तिच्या विलंबाची भरपाई करावी, आणि मग साऱ्या प्रती एकत्र कराव्या. शेतातील दंताळ्याचे दाते ज्याप्रमाणे विखुरलेला पाचोळा एका जागी आणतात त्याप्रमाणे हा ग्राही काम करतो, आणि त्याचे इंग्रजी नावही दंताळ्याचेच आहे. कैलाथ यांनी त्यामागील सर्वसाधारण नियम सिद्ध केला. मार्ग यदृच्छया बदलत असला तर ग्राहीने प्रथम त्या मार्गातून आलेल्या संकेताचा अंदाज बांधावा, आणि मग आलेली लहर त्या अंदाजाशी ताडून पाहावी. येथे पुन्हा सहविचरण येते व योग्य अक्षांची निवडही येते. तीन दशकांनंतर सीडीएमए पद्धतीच्या हातसंचांत हे दंताळे प्रत्यक्ष बसविले गेले.

जीएसएम पद्धतीने, जिच्यावर १९९५ मध्ये भारतातील भ्रमणध्वनी-सेवेचा प्रारंभ झाला, निराळी वाट धरली. या पद्धतीत सेकंदास सुमारे २,७०,८३३ अंक पाठविले जातात. एका अंकाचा काळ ३.६९ मायक्रोसेकंद, आणि तेवढ्या वेळात लहर सुमारे १.१ किलोमीटर जाते. म्हणून जवळच्या टेकडीवरून आलेला प्रतिध्वनी त्याच अंकात मिसळतो, आणि काही किलोमीटरांचा वळसा घेऊन आलेला पुढच्या अंकांत घुसतो. प्रत्येक तुकडीच्या मध्यभागी २६ ज्ञात अंक ठेवलेले असतात. त्यांच्यावरून ग्राही मार्गाचा अंदाज बांधतो. उरतो तो निर्णय. मध्याच्या एका बाजूस ५८ अंक असतात, म्हणजे संभाव्य क्रम दोनाचा अठ्ठावन्नावा घात इतके. एकेक तपासणे अशक्यच. व्हिटर्बी याने १९६७ मध्ये सांगितलेल्या रीतीत मागील चार अंकांच्या सोळा स्थिती तेवढ्या ध्यानात ठेवून प्रत्येक पायरीवर ३२ तुलना केल्या की सर्वोत्तम क्रम हमखास सापडतो. स्वस्त हातसंच शक्य झाला त्याचे बरेच श्रेय या बत्तीस तुलनांना आहे.

यानंतरचा टप्पा पुन्हा कैलाथ यांच्याशी निगडित आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांच्याकडे भारतीय नौदलातील अधिकारी आरोग्यस्वामी पॉलराज आले. पाण्याखालील ध्वनीच्या साहाय्याने शोध घेणारी यंत्रणा त्यांनी नौदलासाठी विकसित केली होती. क्षीण प्रतिध्वनी ओळखण्याचा व्यवसाय त्यांस नवा नव्हता. या दोघांनी १९९२ मध्ये दाखल केलेले व १९९४ मध्ये मंजूर झालेले एकस्व एका धाडसी कल्पनेचे होते. अनेक आकाशकांवरून एकाच कंप्रतेवर, एकाच वेळी, निरनिराळे संदेश पाठवावे. प्रतिध्वनींनी भरलेल्या प्रदेशात प्रत्येक संदेशाची वाट किंचित निराळी असल्यामुळे अनेक आकाशकांचा ग्राही त्यांना वेगळे करू शकेल. सीताबर्डीच्या गर्दीतील भिंती व टेकडी या येथे वस्तुतः साहाय्यक ठरतात. गमतीची गोष्ट अशी की, या एकस्वाच्या शीर्षकात ध्वनिक्षेपणाची क्षमता वाढविण्याचा उद्देश नमूद आहे. ज्या कामासाठी नागपूरजवळ एक हजार किलोवॉटचा प्रेषक उभा होता, त्याच प्रकारच्या कामासाठी येथे शक्तीऐवजी आकाशकांची संख्या आणि गणित योजले गेले.

परंतु या कल्पनेने ग्राहीवर टाकलेला भार थक्क करणारा आहे. चौथ्या पिढीच्या पद्धतीत २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १,२०० उपवाहक असतात आणि एका मिलिसेकंदात प्रत्येकावर १४ चिन्हे येतात. म्हणजे सेकंदास १ कोटी ६८ लक्ष वेळा निर्णय करावयाचा. दोन प्रवाह असून प्रत्येक चिन्हास ६४ पर्याय असले तर दर निर्णयात ४,०९६ जोड्या तपासाव्या लागतील, अर्थात सेकंदास सुमारे ६,८८० कोटी अंतरे मोजावी लागतील. प्रवाह चार झाले तर एकाच निर्णयात १,६७,७७,२१६ शक्यता. एवढी मोजणी करणारे मंडल बनविता येईलही, पण ते घट काही वेळातच रिकामा करील आणि हाताला चटका देईल.

सरळ उपाय असा की, एका प्रवाहावर लक्ष ठेवून बाकीचे गोंगाट समजावे व एका आव्यूहाने गुणून त्यांना दाबावे. यास मेहनत थोडी. पण दोन वाटा जवळजवळ सारख्या असल्या की गोंगाट वाढून निर्णय चुकतात. याहून चांगला मार्ग अनपेक्षित दिशेने आला. बीजगणिती संख्यासिद्धांतात जालकातील सर्वात आखूड सदिश शोधण्याचा एक प्रश्न आहे. त्यासाठी पोस्ट याने १९८१ मध्ये व फिंके यासह १९८५ मध्ये एक रीत दिली होती. व्हिटर्बो व बुत्रो यांनी १९९९ मध्ये ती क्षीणन पावणाऱ्या बिनतारी मार्गांच्या अभिज्ञानास लावली. प्रथम अक्ष फिरवून समीकरणे अशी त्रिकोणी करावयाची की, शेवटच्या समीकरणात एकच अज्ञात उरेल, त्याच्या वरच्यात दोन, असे क्रमाने. मग शेवटच्या चिन्हापासून एकेक पर्याय घेत वर चढावयाचे. अंतर प्रत्येक पायरीवर वाढतच जाते; म्हणून एखाद्या फांदीवरील अंतर आतापर्यंतच्या सर्वोत्तम उत्तराहून अधिक झाले की ती संपूर्ण फांदी न पाहता छाटता येते. उत्तर अचूक राहते, आणि पाहाव्या लागणाऱ्या शक्यता लाखांवरून सामान्यतः काही दहांवर येतात.

कोसंबींच्या विस्तारातील अक्ष आणि येथील अक्ष एक नव्हेत. तेथे निवड यदृच्छ राशीच्या सहविचरणावरून होते, येथे त्या क्षणीच्या मार्गाच्या आव्यूहावरून. तेथे सहसंबंध नाहीसा होतो, येथे केवळ अवलंबनाची एक शिडी तयार होते. पण दोन्ही ठिकाणी काम स्वस्त होते ते मोजणीचा वेग वाढविल्याने नव्हे, तर मोजणीपूर्वी अक्ष बदलल्याने. नुसत्या यंत्रवेगाच्या वाढीने अभिज्ञातकाचा इतिहास सांगणारी वर्णने या कारणाने अपुरी ठरतात. अक्ष फिरविण्याचे प्रत्यक्ष काम मंडलात कसे होते हेही पाहण्याजोगे आहे. त्यासाठी बहुधा गुणाकार वापरीत नाहीत. व्होल्डर याने १९५९ मध्ये विमानाच्या दिशादर्शक गणकासाठी सांगितलेल्या रीतीने, केवळ अंक सरकविणे व बेरीज-वजाबाकी एवढ्यावरच कोन फिरविला जातो. अशा क्रिया एकसारख्या लहान घटकांच्या रांगांतून वाहत नेण्याच्या रचनांचा अभ्यास कैलाथ यांच्या गटाने १९८० च्या दशकात केला. १९८५ मध्ये संकलित मंडले व आधुनिक संकेतप्रक्रिया या विषयावरील एका ग्रंथाचे ते सहसंपादकही होते.

छाटणीची ही रीत कागदावर जितकी सुंदर तितकी मंडलात उतरविण्यास अडचणीची. मार्ग चांगला असेल तेव्हा उत्तर चटकन मिळते, वाईट असेल तेव्हा शोध लांबतो; आणि पुढचे चिन्ह कोणासाठी थांबत नाही. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील बुर्ग व सहकारी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली दोन मंडले या संदर्भात बोधप्रद आहेत. दोन्ही चार आकाशकांसाठी, प्रत्येक चिन्हास सोळा पर्याय धरून, एकाच निर्मितिप्रक्रियेने बनविलेली होती. पहिल्यात अंतर नेहमीच्या रीतीने, वर्गांची बेरीज करून, मोजले जाई. त्यास सुमारे १,१७,००० द्वारे लागली आणि सरासरी वेग सेकंदास ७३ मेगाबिट आला. दुसऱ्यात वर्ग करणेच सोडून दिले व घटकांतील सर्वात मोठे मूल्य हेच अंतर मानले. गणितदृष्ट्या हे अंतर चुकीचे आहे. सर्वोत्तम उत्तराची हमी त्यामुळे जाते. द्वारे मात्र ५०,००० पुरली, वेग १६९ मेगाबिट झाला, आणि निर्णयांतील चुका अल्पच वाढल्या.

हातसंचासाठी मंडले योजणाऱ्यांनी पुढे आणखी एक तडजोड स्वीकारली. प्रत्येक पायरीवर उत्तम अशा ठराविक संख्येच्याच फांद्या ठेवावयाच्या आणि बाकीच्या, त्यांत खरे उत्तर असण्याचा धोका पत्करूनही, टाकून द्यावयाच्या. त्यामुळे प्रत्येक निर्णयास लागणारा वेळ नेमका ठरतो व मंडलाची रांग अखंड वाहती ठेवता येते. किती फांद्या ठेवावयाच्या हे मार्गाच्या स्थितीवरून बदलण्याची सोयही करता येते. सीताबर्डीच्या टेकडीच्या आडोशाला, गर्दीत, त्या अधिक. मोकळ्या मैदानात दोनचार, किंवा केवळ आव्यूहाचा एक गुणाकार.